वर्तुळांतील चौकोनाचे कोन

कोरेगांवाकडील मळणीचें गोल खळें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हा धडा कठीण वाटणार नाहीं. खळ्याच्या मध्यभागीं तिवडा रोवीत. आतां कडेवर चार खुंट्या ठोकून त्या क्रमानें दोरीनें जोडा, म्हणजे वर्तुळांतील चौकोन झाला. त्याचे समोरासमोरील दोन कोन मिळून नेहमीं 180 अंश भरतात. एक 70 अंशांचा असेल, तर समोरचा 110 अंशांचा.

असें कां? कंसाच्या दोन्ही टोकांपासून तिवड्यापर्यंत दोऱ्या ताणल्या असतां तेथें जो कोन होतो, तें त्या कंसाचें माप. आणि कडेवरील कोन आपल्यासमोरील कंसाच्या निम्मा असतो. समोरासमोरील दोन कोनांचे कंस मिळून पूर्ण वर्तुळ, म्हणजे 360 अंश. त्याचें निमें 180.

परंतु एक खुंटी जरी कडेवरून आंत सरकली, तरी हा नियम तुटतो. भास्कराचार्यांनींही 1150 सालच्या ‘लीलावती’त बजाविलें कीं, केवळ चार बाजूंवरून चौकोनाचें क्षेत्रफळ निश्चित होत नाहीं. म्हणून मुलांस शिकवितांना ‘चारही कोपरे वर्तुळावर आहेत काय?’ हें आम्ही प्रथम विचारितों, मग उत्तर.

अभ्यास: अशा चौकोनांत एक कोन समोरच्या कोनाच्या दुप्पट आहे, दोन्ही काढा. 60 व 120 अंश आले, म्हणजे धडा समजला.