बुडबुडे थांबले, बिअर झाली का?

प्रश्न: मी सध्या कॅलिफोर्नियात, सॅन होजेला मुलाकडे आले आहे. त्यानं घरच्या घरी बिअर करण्याचा एक गॅलनचा संच आणला. काचेच्या बरणीच्या तोंडाला पाणी भरलेली एक वाकडी नळी बसवली आहे. पहिले दोन दिवस तिच्यातून सारखा बुडबुड आवाज येत होता, रात्री झोपेतही ऐकू यायचा. चौथ्या दिवशी सगळं शांत झालं. मुलगा म्हणतो, झाली, आता बाटल्या भरू. संचाबरोबरची पुस्तिका म्हणते, दोन आठवडे थांबा. बुडबुडे बंद म्हणजे आंबणं संपलं ना? मग वाट कशाची पाहायची? ही घरची दारू पिऊन अपाय तर होणार नाही? आणि परतताना असाच एक संच पुण्याला नेला तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: पुस्तिकेचं ऐका. मुलाला म्हणावं, बाटल्या अजून निदान दहा दिवस रिकाम्याच राहू देत. बुडबुडे थांबले याचा अर्थ आंबण्याचा जोर ओसरला एवढाच. आंबणं पुरतं संपायला अजून अवकाश असतो. हा फरक लक्षात न घेता भरलेल्या बाटल्या पुढे कपाटात फुटतात, आणि काच उडून हाताला, डोळ्याला इजा होऊ शकते. तुमचा प्रश्न अगदी वेळेवर आला आहे.

आधी त्या बरणीत काय चाललं आहे ते पाहू. मुलानं स्वयंपाकघरात जे शिजवलं ती बिअर नव्हती, तो जवाचा गोड रस होता. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, भरडून 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की दाण्यातलीच विकरं पिठूळ भागाची साखर करतात. पाणी जास्त तापलं तर विकरं निकामी होतात, गार राहिलं तर काम रेंगाळतं. मग चोथा गाळून काढायचा आणि रस हॉप्स घालून तासभर उकळायचा. हॉप्स ही एका वेलीची हिरवी बोंडं. संचात बहुधा त्यांची पूड दाबून केलेल्या गोळ्या असतात. उकळताना त्यांतल्या आम्लांचं रूप बदलतं आणि रसाला कडवटपणा येतो. शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घातलेले हॉप्स मात्र कडूपणा कमी आणि वास जास्त देतात. नंतर भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून रस झटपट गार करायचा. उकळत्या दुधात कुणी विरजण लावत नाही, तसंच इथंही रस 20 अंशांच्या आसपास आल्याशिवाय यीस्ट घालत नाहीत.

इथवर माणसाचं काम. बिअर करतं ते यीस्ट, आणि ही गोष्ट माणसाला फार उशिरा कळली. बव्हेरियात 1516 साली बिअरबद्दल जो प्रसिद्ध कायदा झाला, त्यात जव, हॉप्स आणि पाणी या तिघांचीच नावं आहेत. यीस्टचा उल्लेखही नाही, कारण तो एक सजीव आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. लुई पाश्चर यांचं बिअरवरचं पुस्तक आलं 1876 मध्ये. त्यानंतर 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी यीस्टची एकच एक जात वेगळी काढून वाढवली. तुमच्या संचातली कोरड्या यीस्टची इवलीशी पुडी ही त्या कामाची देणगी आहे.

आता बुडबुड्यांचं गणित. यीस्ट साखर खातं आणि तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड असे दोन भाग करतं. वजनानं पाहिलं तर जवळजवळ निम्मे-निम्मे. साधारण पाच टक्के मद्यार्काची बिअर व्हायची असेल तर तुमच्या बरणीतल्या 3.8 लिटर रसातून 75 लिटरच्या वर वायू बाहेर पडतो. त्यातला बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत निघतो, म्हणून तो झोपमोड करणारा आवाज. पुढे सोप्या साखरा संपतात आणि यीस्ट पचायला अवघड अशा साखरांकडे वळतं. वायू तयार होतच असतो, पण इतका सावकाश की नळीतलं पाणी उचलण्याइतका दाब साचत नाही. बूच किंचित सैल असेल तर तो तिथूनच निसटतो. उलटही होतं. आंबणं पूर्ण संपल्यावर खोली तापली तर विरघळलेला वायू सुटून बुडबुडे पुन्हा सुरू होतात. नळीचं काम बाहेरची हवा आत येऊ न देणं एवढंच. मापक म्हणून तिच्यावर भरवसा ठेवू नये.

आज रात्री दिवे मालवून बरणीमागे टॉर्च धरून बघा. वर काचेला चिकटलेलं फेसाचं तपकिरी वाळकं वर्तुळ दिसेल, तळाशी मळकट पांढरा साका. मधल्या गढूळ रसात मात्र सुईच्या टोकाएवढे बुडबुडे अजून वर चढताना दिसण्याची शक्यता फार मोठी आहे. ते पाहिलं की मुलाला वेगळं समजावावं लागणार नाही.

या शांत दिवसांत आणखी एक काम होतं, आणि चवीच्या दृष्टीनं मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जोरात आंबताना यीस्ट काही नकोसे पदार्थ मागे सोडतं. ॲसिटाल्डिहाइडमुळे बिअरला कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास येतो, डायॲसिटिलमुळे लोण्यासारखा बुळबुळीत स्वाद. साखर संपत आली की यीस्ट हेच पदार्थ परत शोषून घेऊन त्यांचं निरुपद्रवी द्रव्यांत रूपांतर करतं. चौथ्या दिवशी बाटल्या भरणारा या कामात खीळ घालतो. घरची बिअर कच्ची लागते अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

मग संपलं हे ओळखायचं कसं? हायड्रोमीटरनं. काचेची ही नळी द्रवात तरंगते. साखर जितकी जास्त तितकी ती वर राहते. सुरुवातीला तिच्यावरचा घनतेचा आकडा 1.050 असेल आणि शेवटी 1.012 वर आला, तर मद्यार्क सुमारे पाच टक्के झाला. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं घेतलेले दोन आकडे सारखे आले की आंबणं थांबलं असं म्हणायला हरकत नाही. बऱ्याच छोट्या संचांत हे उपकरण देतच नाहीत. नवशिक्याला विकायच्या संचातून नेमकी हीच वस्तू वगळणं मला पटत नाही. अमेरिकेत ती वेगळी, स्वस्तात मिळते. मात्र प्रत्येक मोजणीला शंभर मिलिलिटरच्या वर बिअर काढावी लागते आणि ती पुन्हा बरणीत ओतायची नसते. एका गॅलनमध्ये हा घाटा जाणवतो. शिवाय दर वेळी बूच उघडलं की हवा आत जाते आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येऊ लागते. म्हणून रोज मोजत बसू नका. पहिली मोजणी दोन आठवड्यांनी, दुसरी त्यानंतर तीन दिवसांनी, बस्स.

मुलाचा बेत मी का मोडून काढतो आहे ते याच आकड्यांतून दिसेल. बाटल्या भरताना बिअरमध्ये मुद्दाम थोडी साखर घालतात. एका गॅलनला 20 ते 25 ग्रॅम. बाटलीत उरलेलं यीस्ट ती खातं, वायू झाकणाखाली अडकतो आणि बिअरला फेस येतो. हिशेब असा असतो की बाटलीत बिअरच्या आकारमानाच्या साधारण अडीच पट वायू व्हावा. समजा, आकडा 1.012 वर यायचा होता आणि मुलानं 1.018 वरच बाटल्या भरल्या. फरक क्षुल्लक वाटतो. पण त्या उरलेल्या साखरेतून आणखी तीन पटींहून अधिक वायू होतो. एकूण साडेपाच पट. साध्या बिअरच्या बाटलीत तीन पटींच्या पुढे जाऊ नये असा घरी बिअर करणाऱ्यांचा दंडक आहे. बाटल्या भरून झाल्याच असतील तर त्या ताबडतोब फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे यीस्ट मंदावेल. उघडताना चष्मा आणि जाड हातमोजे घाला. आणि पुढच्या खेपेला बाटल्या जाड काचेच्या, पत्र्याचं झाकण दाबून बसवायच्या, तपकिरी रंगाच्याच घ्या. हॉप्सच्या कडू द्रव्यावर ऊन पडलं की एक उग्र दुर्गंध तयार होतो, तपकिरी काच तो बराचसा रोखते. बरणीलाही याच कारणासाठी जाड कापड गुंडाळावं.

सॅन होजेच्या उन्हाळ्याबद्दलही सांगायला हवं. यीस्ट काम करतं तेव्हा स्वतःही उष्णता सोडतं, त्यामुळे रस खोलीपेक्षा काही अंश गरम असतो. बहुतेक संचांतलं, एल नावाच्या बिअरसाठीचं यीस्ट 18 ते 22 अंशांत नीट वागतं. त्याच्या बरंच वर गेलं की जळजळीत, स्पिरिटसारखी चव उतरते. पहिले तीन-चार दिवस बरणी पाण्याच्या टबात ठेवून त्यात बर्फाच्या बाटल्या सोडल्या तरी पुरतं.

आता अपायाबद्दल. घरची दारू म्हटलं की आपल्याकडे हातभट्टी आठवते, आणि ती भीती रास्त आहे. जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. ते विष मिथेनॉलचं होतं. जव आंबवताना मिथेनॉल जवळजवळ होतच नाही. बिअर भट्टीत गाळली जात नाही आणि तिच्यात बाहेरचं स्पिरिट मिसळलं जात नाही, म्हणून हा धोका इथं नाही. (भट्टीची दारू घरी गाळणं अमेरिकेतही परवान्याशिवाय गुन्हा आहे, हे मुलाला माहीत असू द्या.) मद्यार्क, आम्लता आणि हॉप्स या तिघांमुळे तयार बिअरमध्ये रोगजंतू सहसा तगत नाहीत. भांडी नीट निर्जंतुक केली नाहीत तर बिअर आंबट होते, तिला कुबट वास येतो, ती फेकावी लागते. वर बुरशी दिसली तर चव न घेता ओतून द्या. म्हणून रस उकळून झाल्यावर त्याला जे जे लागेल, ती नळी, ते बूच, चमचा, अगदी यीस्टची पुडी कापायची कात्रीसुद्धा, संचातल्या निर्जंतुक करणाऱ्या द्रावणात बुडवूनच वापरायची. या बाबतीत सवलत नाही.

तुमचा मुलगा हे करतो आहे ते कायद्याला धरूनच आहे. अमेरिकेतली दारूबंदी 1933 मध्ये उठली, घरी वाइन करायला मुभा मिळाली, पण बिअरला ती मिळायला 1978 साल उजाडलं. जिमी कार्टर यांनी त्या वर्षीच्या 14 ऑक्टोबरला विधेयकावर सही केली. एका प्रौढाला वर्षाला 100 गॅलन, घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर 200 गॅलन, तेही विकायचे नाहीत. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं तर 2013 पर्यंत अडून बसली होती. कॅलिफोर्नियात मात्र या छंदाची मुळं खोल आहेत. सॅन होजेच्या उत्तरेला असलेल्या चिको गावात केन ग्रॉसमन यांचं घरी बिअर करण्याच्या सामानाचं दुकान होतं. त्यांनी 1979 मध्ये सिएरा नेवाडा ही कंपनी सुरू केली. तिच्या पेल एलच्या बाटलीत आजही यीस्ट जिवंत असतं, आणि त्या यीस्टच्या जातीला घरी बिअर करणारे चिको याच नावानं ओळखतात. मुलाच्या पुडीवर यूएस-05 असं लिहिलं असेल तर ते याच घराण्यातलं.

राहिला पुण्याचा प्रश्न. संच नेऊ नका. आपल्याकडे महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्याच्या कलम 65 खाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, आणि मद्य करण्याच्या हेतूनं भांडी, साहित्य, उपकरणं बाळगणं हाही. स्वतःपुरती, एक गॅलनच, विकायची नाही, अशी अमेरिकेसारखी सूट त्यात नाही. पुण्यातल्या ज्या मायक्रोब्रुअरीत ताजी बिअर मिळते, त्या सगळ्या परवाना घेऊन चालतात. ही सूट आपल्याकडेही असावी, मर्यादा घालून आणि विक्रीला बंदी ठेवून, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ती होईपर्यंत संच सॅन होजेलाच राहू द्या, आणि मुलाला या आठवड्यात एक हायड्रोमीटर आणायला सांगा.