अग्निशमन दलाची रुग्णवाहिका कशी निवडावी?

प्रश्न : पनवेल महापालिकेच्या अग्निशमन दलासाठी रुग्णवाहिका घ्यायच्या झाल्या, तर सगळ्या ‘कार्डिअ‍ॅक’च असाव्यात ना?
– एक वाचक, बेलपाडा

उत्तर : नाही. ‘कार्डिअ‍ॅक’ म्हणजे व्हेंटिलेटर असलेली प्रगत जीवरक्षक गाडी; तो हाताळणारा डॉक्टर चोवीस तास नसेल, तर ती गाडी नुसतीच महागडी. राज्याच्या १०८ सेवेनेही २०१४मध्ये ९३७ पैकी २३३ गाड्याच प्रगत जीवरक्षक ठेवल्या. गावठाणाच्या गल्लीत आखूड गाडी किंवा दुचाकीच दारापर्यंत पोहोचते. शीव-पनवेल महामार्गावरच्या अपघाताला मात्र मोठी हवी.

आगीत बरेच जण भाजण्याआधी धुराने गुदमरतात. म्हणून प्राणवायूचा भरपूर साठा आधी पाहा. साधा पल्स ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेतही आकडा चांगलाच दाखवतो. ती ओळखणारे उपकरण निविदेत मागा. आणि चालक व स्ट्रेचर उचलणारे जवान यांना गाडी दाखवल्याशिवाय खरेदीवर सही नको.