दिवस जाण्याआधी

पावसाळ्याआधी आपण घर शाकारतो. फुटकी कौलं बदलतो. लाकूडफाटा भरून ठेवतो. पाऊस लागल्यावर छपरावर कोण चढणार? बाळंतपणाचंही तसंच आहे. दिवस गेले म्हणजे सगळे सांगतात, "पोरी, जप हो!" पण अंगात ताकद आणायची ती त्याच्या आधी. निदान तीन महिने आधी.

कुणी बाई म्हणेल, "अहो ताई, आम्हाला कसला व्यायाम सांगता? पाणी भरतो, धुणं धुतो, खुरपायला जातो. अंग मोडून येतं."

बाईचं म्हणणं खरं आहे. तिचे कष्ट थोडे नाहीत. पण खुरपताना दिवसभर पाठ वाकलेली असते. त्याच कंबरेवर, त्याच गुडघ्यांवर ताण पडतो. बाळ वाढू लागलं की भार पाठीवर, कंबरेवर आणि ओटीपोटाच्या तळावर येतो. तो पेलायला तिथले स्नायू बळकट हवेत. नुसत्या कष्टाने शरीर थकतं. बेताच्या व्यायामाने ते तयार होतं.

मग काय करावं?

१. चालणे : आठवड्यातून ५ दिवस, अर्धा तास भरभर चाला. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. एवढा वेग पुरे. विडी वळणाऱ्या, शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायांना तर हे फार गरजेचं आहे.

२. उठबस : खाटेच्या कडेवर बसा. हात न टेकता सावकाश उठा, सावकाश बसा. असं १० वेळा.

३. भिंतीला रेटा : भिंतीपासून हातभर दूर उभ्या राहा. तळवे भिंतीला टेका. कोपरं वाकवून छाती भिंतीजवळ न्या. मग मागे या. असं १० वेळा.

४. तळाचे स्नायू आवळणे : लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते आवळा. ५ आकडे मोजा. सैल सोडा. असं १० वेळा. श्वास कोंडू नका. लघवी करत असताना मात्र हा व्यायाम करू नये. बाळंतपणानंतर खोकताना लघवी निसटते, तो त्रास याने कमी होतो.

थोडं चालूनच धाप लागते? डोळ्यांपुढे अंधारी येते? मग थांबा. आधी रक्त तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १०० पैकी ५४ बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या घ्या. फॉलिक ॲसिडची गोळीही दिवस जाण्याआधीच सुरू करावी. पाळी चुकल्याचं कळतं, तोवर बाळाच्या मेंदूची आणि कण्याची घडण सुरू झालेली असते. मिश्री, तंबाखू सोडा. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारूनच व्यायाम करा.

आता अर्धा तास आणायचा कुठून? तो घरच्यांनी द्यायचा. नवऱ्याने चार हंडे पाणी आणलं, सासूबाईंनी चूल सांभाळली, की वेळ निघतो. मूल काय एकट्या बाईचं असतं?

सांगा पाहू :
१. कष्ट आणि व्यायाम यांत फरक काय?
२. व्यायामाआधी रक्त का तपासावं?
३. तुमच्या घरी सुनेला अर्धा तास कोण देईल?