काठाचा आश्रय

सांगलीच्या घाटावर उभे राहिले असता कृष्णेची दोन रूपे दिसतात. मध्यभागी पाणी ओघाने वाहते. त्यात सापडलेली काडी क्षणात दूर जाते. काठाशी मात्र प्रवाह मंद असतो. तेथील गाळात लव्हाळे मूळ धरते आणि सहसा जागा सोडीत नाही.

मनुष्याच्या आतड्यातही असेच दोन प्रदेश आहेत. पोकळीतून अन्नरस पुढे सरकत असतो. भिंतीवर श्लेष्माचा चिकट थर असतो. आतड्यात असंख्य जंतू राहतात. त्यांतील पुष्कळसे उपकारक असून, न पचलेल्या अन्नापासून ते शरीरास उपयोगी द्रव्ये तयार करतात. मात्र त्यांनी आपली मर्यादा ओलांडता कामा नये. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णेने काठ ओलांडला, तेव्हा एरवी जीवन देणारे तेच पाणी सांगलीत घराघरांत शिरले. जंतूंचेही तसेच आहे.

म्हणून शरीराने चोख पहारा ठेवला आहे. आतड्याकडून येणारे रक्त प्रथम यकृतात जाते. एखादा जंतू भिंतीतून निसटलाच, तर यकृतातील रक्षक पेशी त्याला गिळून टाकतात. असे असूनही, एंटेरोकॉकस गॅलिनॅरम नावाचा आतड्यातील जंतू काही रोग्यांच्या यकृतात आढळल्याचे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केले. तो तेथे पोहोचला कसा?

त्याच विद्यापीठातील नोआ पाम व त्यांचे सहकारी यांनी याचा शोध घेतला. पोटात एकही जंतू नसलेल्या उंदरांना त्यांनी हा एकच जंतू दिला व काही महिने निरीक्षण केले. जंतू दुभंगून एकाचे दोन होतात. त्या वेळी आनुवंशिक द्रव्याची नक्कल होते व तीत क्वचित चूक राहते. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. पण एखादी चूक नव्या जागी तगण्यास साहाय्यक ठरते आणि त्या जंतूची संतती तेथे वाढते. अशा रीतीने एकाच जंतूचे निरनिराळे वंश झाले. काही पोकळीतच राहिले. काही श्लेष्माच्या थरात, भिंतीलगत राहू लागले. हे काठावरचे जंतू रक्षक पेशींच्या तावडीतून निसटले, यकृतात जाऊन टिकले आणि यकृताला सूज आली. ही हकीकत २०२२ साली प्रसिद्ध झाली.

जंतूने हे ठरवून केले नाही. जो तगला, त्याचा वंश वाढला. एकच जंतू पोटात असूनही काहींनाच बाधा का होते, याचे एक कारण यावरून सुचते. उंदरांत दिसले ते मनुष्यातही जसेच्या तसे घडते, असे मात्र लगेच म्हणता येत नाही. त्याची पडताळणी करावी लागते. शत्रू नेहमी वेशीबाहेरूनच येतो असे नाही. कधी घरचाच रहिवासी हळूहळू बदलत जातो, हे या शोधाने दाखविले.

स्वाध्याय

१. आतड्यातील दोन प्रदेशांना नदीची उपमा का दिली आहे?
२. यकृत शरीराचे रक्षण कसे करते?
३. ‘जंतूने हे ठरवून केले नाही’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.