आधी ओल, मग टॉनिक

सोयाबीन फुलोऱ्यात आहे, पावसाने पाठ फिरवली आहे आणि मराठवाड्यातल्या हलक्या, मुरमाड रानांत दुपारी झाडे माना टाकू लागली आहेत. आठवडाभर फोनवर एकच प्रश्न येतो आहे : "साहेब, कोणते टॉनिक मारू?" रानात ओल किती उरली, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून आज बाकी सगळे बाजूला ठेवून पावसाच्या याच खंडाबद्दल लिहितो आहे.

दुकानात जाण्याआधी खुरपे घ्या आणि दोन झाडांच्या मध्ये वीतभर उकरा. मुठीत मातीचा लाडू वळला, तर पिकाच्या हाती अजून काही दिवस आहेत आणि समुद्री शेवाळाच्या अर्काची फवारणी कामाची ठरू शकते. माती भुगा होऊन बोटांतून गळली, तर बाटली तशीच ठेवा. आधी पाण्याचे बघा.

तुम्ही ज्याला टॉनिक म्हणता ते जैव-उत्तेजक म्हणजे खत नव्हे आणि कीटकनाशकही नव्हे. शेवाळाचा अर्क, अमिनो आम्ल, ह्युमिक हे पदार्थ झाडाला मूळ वाढवायला आणि ताण सोसायला मदत करतात. काम शेवटी झाडालाच करायचे असते आणि त्यासाठी पेशीत पाणी लागते. ताण वाढला की झाड पर्णरंध्रे मिटून घेते, पान राठ होते आणि भर उन्हात मारलेला थेंब आत शिरण्याआधीच वाळतो. तहानेने बसलेल्या बैलापुढे पेंड ठेवून तो उठत नाही.

2023 चा ऑगस्ट आठवा. देशात 1901 पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. तेव्हा एका गावात बांधाला बांध लागून असलेली दोन शेते पाहिली. एकाने पाने हिरवी असतानाच शेवाळाच्या अर्काची एक फवारणी घेतली आणि शेततळ्यातले पाणी तुषारने एकदा दिले. त्याचा फुलोरा बराचसा टिकला. फवारणीने किती आणि पाण्याने किती, असे विचाराल तर मी मोठा वाटा पाण्यालाच देईन. शेजाऱ्याने पंधरा दिवस आभाळाकडे बघितले आणि मग अर्क, अमिनो, ह्युमिक, सूक्ष्म अन्नद्रव्ये, विद्राव्य खत व कीटकनाशक एकाच पंपात ओतले, तेही दुप्पट मात्रेने. पंपाच्या तळाला काळा गाळ बसला, नोझल तुंबले आणि दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. "औषध बोगस निघाले," असे म्हणून तो मोकळा झाला. आम्लधर्मी द्रावणात किंवा बोअरच्या जड पाण्यात ह्युमिक फुटते, हे त्याला दुकानदाराने सांगितले नव्हते आणि त्यानेही विचारले नव्हते. ह्युमिकची जागा मुळाशी आहे, तीही जमिनीत ओल असताना.

जीवामृतवाल्यांनाही हेच लागू आहे. त्यातल्या जिवाणूंना ओल हवी. भेगाळलेल्या रानावर 200 लिटरचा ड्रम शिंपडणे म्हणजे गूळ आणि बेसन उन्हात वाळत घालणे. जीवामृत वाफशावर द्या. आणि देशी दारूची फवारणी कृपा करून थांबवा. तिने सोयाबीनचा ताण हटत नाही, खिसा तेवढा हलका होतो.

फुलोरा लागला आहे, आता कोळपे घालू नका. मुळे तुटतील, फुले झडतील. हाताने तण उपटा आणि तेच दोन ओळींत पसरा, म्हणजे ओल झाकली जाईल. विहिरीत किंवा शेततळ्यात पाणी असेल तर ते शेवटच्या थेंबापर्यंत जपत बसू नका. फुलोरा आणि शेंगा भरण्याच्या वेळी दिलेले एक पाणी फार मोलाचे असते. तुषार संच संध्याकाळी चालवा. संच नसेल तर एक आड एक सरी भिजवा. फवारणी त्यानंतर, सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर घ्या. शेवाळाच्या अर्काची मात्रा लेबलवर असेल तेवढीच. दुसरा पर्याय पोटॅशियम नायट्रेटचा, म्हणजे 13:0:45 चा : 1 टक्का, 15 लिटरच्या पंपाला 150 ग्रॅम. हे विद्राव्य खत आहे, जैव-उत्तेजक नाही. दोन्ही एकत्र मिसळू नका.

पान पिवळे दिसले की टॉनिक, ही सवयही सोडा. पानावर हिरवे-पिवळे चट्टे असतील तर तो पिवळा मोझॅक असू शकतो. तो पांढऱ्या माशीने पसरतो. अशी झाडे उपटून नष्ट करा आणि माशीचा बंदोबस्त करा.

खरेदी करताना डोळे उघडे ठेवा. जैव-उत्तेजके 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. बाटलीत काय आहे, किती आहे, कोणत्या पिकासाठी आणि किती मात्रेत वापरायचे, हे लेबलवर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. पक्के बिल घ्या आणि काढणीपर्यंत जपा.

शेवटी एक विनंती. फवाराल तेव्हा मधली चार तासे कोरी सोडा आणि दोन्ही टोकांना काठी रोवा. काढणीला कोऱ्या तासातली दहा झाडे आणि फवारलेली दहा झाडे उपटून शेंगा मोजा. पुढच्या खरिपात ती बाटली घ्यायची की नाही, ते दुकानदाराला किंवा मला विचारण्यापेक्षा त्या वीस झाडांना विचारा.