चित्रातले गाव

'माझे गाव' हे चित्र तुम्ही काढले असेल. डोंगर, झोपडी, नांगर धरलेला शेतकरी आणि डोक्यावर घागर घेतलेली बाई. बहुतेक वह्यांत हेच गाव असते.

माझ्या वर्गातील एका मुलीनेही असेच चित्र काढले. मी विचारले, "तुझी अम्मी दिवसभर पाणीच भरते का?"

ती म्हणाली, "नाही सर, ती रोज खुरपायला जाते."

"मग ते का नाही काढलेस?"

"चित्रात तसे नसते ना, सर!"

चित्रकार ए. ए. आलमेलकर (1920-1982) यांनी खेड्यातील व आदिवासी लोकांचे जीवन नाजूक रेषांनी सजवून रंगवले. ती चित्रे फार सुंदर आहेत. पण चित्रातले सुंदर गाव म्हणजेच खरे गाव, असे समजू नये.

फ्रान्सचे चित्रकार मिले यांनी 1857 साली वेगळे चित्र रंगवले. कापणी झालेल्या शेतात तीन गरीब स्त्रिया वाकून सांडलेल्या लोंब्या वेचत आहेत. त्यांचे चेहरे नीट दिसत नाहीत. दिसतात ते राबणारे हात. पॅरिसच्या श्रीमंतांना हे चित्र आवडले नाही.

आता आपल्या भिगवणला या. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात. त्यांचे फोटो काढायला लोक लांबून येतात. जवळच्या उसाच्या फडात मात्र त्यांचे लक्ष जात नाही. तेथे नवरा ऊस तोडतो. बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहते. या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. उचल मात्र बहुधा नवऱ्याच्याच हाती पडते.

सातबाऱ्यावरही बहुधा पुरुषाचेच नाव असते. हे बदलावे म्हणून शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 1990च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम चालवली. अनेक शेतकऱ्यांनी काही जमीन पत्नीच्या नावावर केली.

त्या मुलीने नंतर घागर खोडली आणि अम्मीच्या हातात खुरपे दिले. तुम्हीही आपली वही उघडा. तुमच्या चित्रातली बाई काय करते आहे?

शब्दार्थ
लोंबी – गव्हाचे कणीस
खुरपणे – पिकातील तण काढणे
फड – उसाचे शेत
उचल – कामाआधी दिलेली रक्कम
सातबारा – जमिनीच्या नोंदीचा सरकारी उतारा

स्वाध्याय
1. 'एक कोयता' कोणाला म्हणतात?
2. मिले यांच्या चित्रातील स्त्रिया काय करत आहेत?
3. तुमच्या आईच्या एका दिवसातील कामे पाच वाक्यांत लिहा.