पारायण मागे पडले तर?

प्रश्न : सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसते. अर्थ लावत वाचले की मागे पडते. बाकीच्या बायका पोथी मिटून मोकळ्या होतात. सात दिवसांत पुरे झाले नाही तर पारायण वाया जाते का?
– एक वाचक भगिनी, वाशी (जि. धाराशिव)

उत्तर : ताई, अजिबात नाही. सात दिवस ही सप्ताहाची सोय. सुमारे ९,००० ओव्या सातांत वाटल्या की रोज तेराशेच्या आसपास येतात. त्या वेगात जीभ पुढे पळते, मन मागे राहते. याउलट, ज्यू लोकांत तालमूद या धर्मग्रंथाचे रोज एकच पान अभ्यासायची रीत १९२३ मध्ये सुरू झाली. पाने २,७११, म्हणजे जवळजवळ साडेसात वर्षे! समाप्तीचा सोहळा थाटात होतो, पण लगेच पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. सिम्हाथ तोरा या सणाला तर तोरा या त्यांच्या पवित्र ग्रंथाचे वाचन संपते त्याच दिवशी आरंभही होतो. कोकणातले आपले बेने इस्राएल ज्यूही हा सण पाळतात.

सप्ताहात सगळ्यांच्या सुरात सूर मिळवून वाचाच, त्यातही गोडी आहे. घरी मात्र सार्थ ज्ञानेश्वरी घ्या आणि बाराव्या अध्यायापासून सुरू करा. ओव्या जेमतेम अडीचशे. रोज आठ वाचल्या तर महिनाभर पुरतील. एखादी अडली, तर दुसऱ्या दिवशीही तीच वाचा.